माझ्या हाताखालचे दोन शास्त्रज्ञ

७ जुलै, सोमवार. सकाळी ६.१०

आजपासून बारा आठवडे. आदिलाबादच्या आमच्या जंतुरोग केंद्राला हैदराबादहून पहिल्यांदाच प्रशिक्षणार्थी मिळालेत. दोन तरुण शास्त्रज्ञ. त्यांना घडवायची जबाबदारी माझ्यावर. मंजुरीच्या पत्रात ‘मार्गदर्शक : डॉ. व्यंकटेश माहूरकर’ असं छापलेलं आहे, हाताने लिहिलेलं नाही. पत्र लॅमिनेट करून घेतलं. सुनयनाने विचारलं, लॅमिनेशन कशाला? बावीस वर्षांच्या संसारात तिला माझ्या कामाचा आवाका कळलेला नाही. बँकेत आहे ती.

संकल्प : रोज पाचला उठणे. रोज एक शोधनिबंध, पूर्ण, संदर्भांसकट. मुलांवर रागावायचं नाही. (पाचचं उद्यापासून. आज गजर वाजला होता, पण मी व्याख्यानाचा विचार करत पडून होतो. तेही कामच.)

संध्याकाळी

दोघंही बरे वाटतात. अर्पिता मुधोळची, घरी कापूस-ज्वारीची शेती, स्वतः नुकतीच पीएच.डी. झालेली. कमी बोलते, सगळं लिहून घेते. ईशान हैदराबादेत वाढलेला, सगळं मोबाइलमध्ये घेतो. चंपतची ओळख करून दिली. चंपत आमचा टेक्निशियन, चोवीस वर्षं इथेच आहे. भांडी धुण्यापासून सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइड बघण्यापर्यंत सगळं करतो. मुलांना म्हणालो, काचसामान कुठे आहे ते याला विचारा, विज्ञान मला.

पहिलं व्याख्यान ‘जंतू आणि मी’. स्लाइड एकशे चाळीस. तीन तासांत एकतिसाव्या स्लाइडपर्यंत पोचलो. ईशान शेवटचा तासभर डोळे मिटून ऐकत होता. काही लोकांची एकाग्रता तशी असते.

१० जुलै, गुरुवार

आज माझी खासियत दाखवली. वासावरून जंतू ओळखणे. जंतू वाढवलेली प्लेट उघडायची, नाकाशी न्यायची, दोन सेकंद. एकाला द्राक्षांचा वास, एकाला जळक्या चॉकलेटचा, एकाला उंदराचा. तिन्ही बरोबर ओळखले. (एक प्लेट मीच काल लावली होती, पण माहीत असणं हाही ओळखण्याचाच भाग.)

अर्पिताने विचारलं की सुरक्षेच्या नियमावलीत प्लेटचा वास घेऊ नये असं आहे ना. तिला समजावलं, नियमावली लिहिणारी माणसं बारा महिने सर्दीने बेजार असतात. चंपत कोपऱ्यात उभा राहून मास्क नीट करत होता. प्लेट ज्यात उघडायच्या त्या सेफ्टी कॅबिनेटचा हवा ओढणारा पंखा फार आवाज करतो, बोललेलं ऐकू जात नाही, म्हणून मी तो बंद ठेवायला सांगितला.

सकाळी साडेसहाला उठलो.

२१ जुलै, सोमवार

आढावा. शोधनिबंध : एक. (शीर्षक आणि सारांश. सारांश फार चांगला होता.) व्याख्यान : स्लाइड बावन्न.

मुलं दुपारी चंपतजवळ असतात. प्लेटवर रेघा कशा ओढायच्या ते त्याने त्यांना अर्ध्या तासात शिकवलं म्हणे. हे मी सहाव्या आठवड्यात, पाया पक्का झाल्यावर घेणार होतो. आता सहावा आठवडा रिकामा झाला. चंपतला हळूच सांगितलं की घाई नको. तो ‘होय सार’ म्हणाला आणि त्यांना काचेच्या स्लाइड रंगवायला घेऊन गेला. त्याचा नाइलाज असतो, रंग सुकतो.

४ ऑगस्ट, सोमवार

हैदराबादहून वनमाला मॅडमचा फोन. सगळ्या प्रशिक्षणाच्या त्या प्रमुख. प्रत्यक्ष हाताने काम किती तास झालं, असं विचारलं. मी म्हणालो, आधी बुद्धी तयार होते, हात तिच्या मागून येतात. त्या म्हणाल्या, आकडा पाठवा. चंपतने त्याच्या वहीतून काढून दिला : शहाण्णव तास. माझ्या सहीने पाठवला. कार्यक्रम चांगला चाललाय.

११ ऑगस्ट, सोमवार

दवाखान्यातून तपासणीसाठी रक्ताच्या दोन बाटल्या आल्या. पेशंट लखन, नार्नूरकडचा, वय चव्वेचाळीस, शेती, डायबेटिस. दीड महिना ताप. मांडीवर गळू. छातीच्या फोटोत डाग, म्हणून टीबी समजून गोळ्या सुरू आहेत, थुंकीत मात्र दोनदा काही सापडलं नाही. वजन नऊ किलोने उतरलंय. मुलांना म्हणालो, खऱ्या पेशंटवर शिका, मी मागे उभा आहेच.

नंतर मीटिंगला गेलो.

१३ ऑगस्ट, बुधवार

दोन्ही बाटल्यांत जंतू वाढले. अर्पिताने प्लेट दाखवली. मी उघडली, वास घेतला. मातीचा वास. शेतात, डबक्यात असतात तसले जंतू, सुई टोचताना कातडीवरून आत गेलेले. मी दोन सेकंदांत सांगितलं, नमुना दूषित झालाय.

अर्पिता म्हणाली की दोन बाटल्यांचं रक्त दोन वेगळ्या हातांतून, वेगवेगळ्या वेळी घेतलंय, दोन्हींत एकच घाण कशी जाईल? प्रश्न वाईट नव्हता. पण बाराला मला निघायचं होतं. म्हणालो, शंका घेणं शास्त्रज्ञाला शोभतं, पण तिची वेळ असते. रिपोर्टवर लिहिलं : ‘नमुना दूषित. महत्त्वाचे काही आढळले नाही. प्लेट नष्ट करावी.’ सही केली. आज सही फार छान आली, शेवटचा फाटा अगदी मनासारखा.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन. ‘स्वातंत्र्य आणि सूक्ष्मदर्शक’ या विषयावर दहा मिनिटं बोलायचं होतं, पंचवीस झाली. ऊन होतं. लोक सावलीत जाऊन ऐकत होते.

१८ ऑगस्ट, सोमवार. दुपारी

सगळं क्रमाने लिहितो.

सकाळी अर्पिता, ईशान आणि चंपत तिघं माझ्या खोलीत आले. अर्पिताच्या हातात टेप लावून बंद केलेली प्लेट. लखनची. नष्ट केलेली नव्हती. बुधवारी गुळगुळीत होते ते जंतूंचे ठिपके आता सुरकुतले होते, वाळत घातलेल्या भाजीसारखे. आदेश मोडल्याबद्दल मी बोलायला सुरुवात केली, तेवढ्यात चंपत म्हणाला, “सार, हे चौथ्या दिवशी असं सुकल्यावानी होऊन राह्यलं. असं मी याच्या आधी दोनदा पाह्यलं. तवाबी आपण फेकलं.”

चोवीस वर्षांत चंपत माझ्यासमोर एवढं सलग बोललेला नाही.

अर्पिताने प्लेटवर औषधांच्या चकत्या लावून पाहिलं होतं. ज्या दोन औषधांनी असले मातीतले जंतू सहसा मरतात, त्यांना हा जुमानत नाही. तिसऱ्याने मात्र लगेच मरतो. मांडीच्या गळवातला पू मागवला होता, त्यातही हाच. मग तिने नाव घेतलं : मेलिऑइडोसिस. ओल्या मातीतून अंगात जातो, डायबेटिस असलेल्याला गाठतो, टीबीसारखा दिसतो. टीबीच्या गोळ्यांना दाद देत नाही. वेळेत औषध नाही मिळालं तर माणूस जातो.

नाव माझ्या ओठावरच होतं. तिने आधी उच्चारलं, एवढंच.

मी म्हणालो, वॉर्डात लगेच कळवायला हवं. ईशान म्हणाला, रविवारीच कळवलं, इंजेक्शन सुरू झालंय. मला न विचारता. मी रागावलो. बराच. संकल्प एका दिवसापुरता स्थगित. तिघं शांतपणे ऐकत उभे होते, आणि मी दम घ्यायला थांबलो तेव्हा अर्पिताने नवा रिपोर्ट सहीसाठी पुढे ठेवला. केली.

१९ ऑगस्ट, मंगळवार

हैदराबादच्या मोठ्या लॅबने फोटो पाहून दुजोरा दिला, नमुनाही मागवलाय. वनमाला मॅडमचा फोन. मला वाटलं अभिनंदनाचा. त्यांनी विचारलं, ही प्लेट उघड्यावर कोणी कोणी हाताळली? चौकशीत निघालं की अर्पिता, ईशान आणि चंपत यांनी सगळं काम मास्क लावून, कॅबिनेटचा पंखा चालू ठेवून केलं. (मी नसताना चालू करतात तर.) उघड्यावर नाक लावलेला माणूस एकच.

हा जंतू श्वासातून आत जातो.

मला एकवीस दिवस गोळ्या. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, खडूएवढ्या. दिवसातून दोनदा ताप मोजायचा, नोंद प्रशिक्षणार्थींनी ठेवायची. अर्पिताने लगेच रजिस्टर आखलं. वरती नाव लिहिलं, वय लिहिलं, ‘संपर्काचा प्रकार’ या रकान्यात ‘हुंगणे’ लिहिलं. मी म्हणालो, ‘गंधपरीक्षण’ लिही. तिने खोडलं नाही, कंसात घातलं.

सुनयनाला सांगितलं. तिने विचारलं, “पण वास कशाला घेतलात?” या प्रश्नाचं उत्तर शास्त्रीय पार्श्वभूमी नसलेल्या माणसाला देणं अवघड आहे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

अर्पिता बैलांच्या पूजेला मुधोळला गेली. थर्मामीटर चंपतकडे सोपवून गेली. चंपत आकडा मोठ्याने सांगतो, ‘अठ्ठ्याण्णव पॉइंट चार,’ म्हणजे बाहेर बसलेल्यांनाही कळतं. ईशानने माझ्या तापाचा ग्राफ काढून भिंतीवर लावला. सरळ रेघ आहे. त्याला ग्राफचं वळण लागतंय, हे समाधान.

शोधनिबंध वाचला. पूर्ण. मेलिऑइडोसिसवरचा. प्रयोगशाळेत संसर्ग कसा होतो, त्याच्या यादीत पहिल्या ओळीत मी आहे. नाव नाही, कृती आहे.

२५ ऑगस्ट, सोमवार

वॉर्डात गेलो होतो. मार्गदर्शकाने पेशंट पाहायला हवा. ताप उतरतोय. लखन उशीला टेकून बसला होता, बोलायची ताकद नव्हती. त्याची बायको रुपा खाली चटईवर बसून ज्वारीची भाकर कुस्करून देत होती. मला पाहून उठली. मी केंद्रातून आलोय म्हटल्यावर तिने पिशवीतून घडी केलेला कागद काढला. माझा. तेरा तारखेचा.

म्हणाली, “साहेब, यात काईच नाई म्हून लिवलं होतं. मले आनंद झाला. यायले घरी न्याले निंगाली होती मी, पिशव्या भरल्या होत्या. मंग त्या पोराचा फोन आला, थांबा म्हणे. हे पयलं कोनं लिवलं होतं जी?”

मी म्हणालो, लॅबमधून आलं होतं.

ते खोटं नाही. मी लॅबमध्येच असतो.

ती ‘बरं’ म्हणाली आणि कागद पुन्हा घडी करून ठेवला. मी लखनला लवकर बरे व्हा म्हणालो. जिना उतरताना लक्षात आलं की नार्नूरच्या पलीकडे त्यांचं गाव जिथे आहे, तिथून दवाखान्यात परत यायला अर्धा दिवस लागतो, आणि एकदा घरी गेलेला माणूस परत येतोच असं नाही.

घरी जेवलो नाही. ॲसिडिटी. गोळ्या उष्ण आहेत.

२६ ऑगस्ट, मंगळवार

काल जरा जास्तच लिहिलं गेलं. गोळ्यांचा परिणाम.

नवी योजना : या केसवर लेख. प्रथम लेखक मी, कारण अनुभव आतून आहे. ईशानला कळवलं. तो म्हणाला, मसुदा अर्पिताने गेल्या आठवड्यातच पाठवलाय, तुमचं नाव आभारात आहे. आभारातही काय म्हणून, ते विचारलं नाही.

चंपत म्हणाला होता ते आधीचे दोन नमुने अर्पिता शोधते आहे. मी म्हणालो, जुनी रजिस्टरं वाळवीने खाल्ली असतील. तिने आणून टेबलावर ठेवली. वाळवी लागलेली नव्हती. एक सहा वर्षांपूर्वीचा, एक तीन. दोन्हींपुढे ‘दूषित’. दोन्हींपुढे फाटा छान आलेला.

तिने दोन्ही घरी फोन लावले. एकजण नागपूरला जाऊन बरा झाला होता. दुसऱ्याचा नंबर बंद आहे.

२ सप्टेंबर, मंगळवार

दुसऱ्याचा नंबर मीही लावून पाहिला. चारदा. बंद आहे. नेटवर्कचा प्रश्न असेल, तिकडे टॉवर कमी आहेत.

आज व्याख्यान घेतलं नाही. घसा बसलाय. मुलांनी चंपतबरोबर काम केलं. सेफ्टी कॅबिनेटचा पंखा दिवसभर चालू होता. खोलीत बसल्या बसल्या ऐकला. फार आवाज नाही करत.

८ सप्टेंबर, सोमवार

एकवीस दिवस पूर्ण. शेवटची गोळी घेतली. ताप एकदाही अठ्ठ्याण्णव पॉइंट सहाच्या वर गेला नाही. जंतूने माझ्यापुढे हात टेकले, असं ईशानला म्हणालो. तो म्हणाला, गोळ्यांपुढे टेकले, सर. तो प्रश्न मतभेदाचा आहे.

संकल्प : उद्या वॉर्डात जाऊन रुपाबाईंना पहिल्या रिपोर्टबद्दल सांगणे.

९ सप्टेंबर, मंगळवार

मीटिंग होती. उद्या.

१० सप्टेंबर, बुधवार

गेलो. ती औषधाच्या रांगेत होती. रांगेत असं बोलणं बरं दिसत नाही. तिथे उकाडाही फार होता.

११ सप्टेंबर, गुरुवार

आज लखनला सुट्टी. तीन किलो भरलाय. पुढे तीन महिने गोळ्या चालू ठेवायच्या, नाहीतर उलटतो, हे समजावायला अर्पिता आणि चंपत जाणार होते. मी म्हणालो, मीही येतो, अनुभवाचे दोन शब्द सांगेन.

चंपत त्यांच्याच बोलीत सांगत होता : बरं वाटलं म्हणून गोळी सोडायची नाही, चिखलात उघड्या पायांनी उतरायचं नाही, जखम झाली तर झाकायची. रुपा प्रत्येक गोष्ट दोनदा म्हणवून घेत होती. मग माझी पाळी आली. मी अनुभवाचे दोन शब्द तयार केले होते. ते आठवेनात. म्हणालो, “रुपाबाई, तो पहिला कागद माझा होता. मी चुकीचं लिहिलं होतं.”

ती म्हणाली, “मालूम हाय जी. दोनी कागदावर सही एकच हाय.”

म्हणजे त्या दिवशी विचारलं तेव्हाही तिला माहीत होतं.

ती गोळ्यांचं खोकं पिशवीत भरू लागली. लखनने हात जोडले, मला की चंपतला ते कळलं नाही, आम्ही जवळजवळ उभे होतो. बसपर्यंत पिशवी मी धरली. जड होती. गोळ्यांचं खोकं आणि भाकरीचं पीठ.

परत येताना अर्पिताने लखनच्या पुढच्या तपासणीची तारीख वहीत लिहिली. ती सगळंच लिहून घेते.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

समारोप. बारा आठवडे संपले. व्याख्यान : स्लाइड अठ्ठ्याहत्तर. उरलेल्या मी दोघांना ई-मेल केल्या.

वनमाला मॅडम स्वतः आल्या होत्या. अर्पिताने लखनची केस मांडली. सतरा मिनिटं, नऊ स्लाइड. एवढ्यात कसं काय मावलं, याचा मी अजून विचार करतोय. जुन्या दोन नोंदींची स्लाइडही होती. सही झाकलेली होती. मी दाखवा म्हणालो नाही, पण झाकायला सांगितलंही नव्हतं, हे इथे नोंदवतो.

प्रशिक्षणार्थींचे अभिप्राय मॅडमनी वाचून दाखवले. ‘सर्वांत जास्त कोणाकडून शिकलात?’ दोघांनीही ‘चंपतकाका’. चंपत खाली मान घालून बसला होता. मला आनंदच झाला. शेवटी चंपत माझ्याच विभागात आहे.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

हैदराबादहून पत्र. केंद्राला दुसरी तुकडी मंजूर. या वेळी चार प्रशिक्षणार्थी. समन्वयक म्हणून अर्पिता एक वर्ष इथेच येते आहे. प्रात्यक्षिकांचे मार्गदर्शक श्री. चंपत. प्रशिक्षणार्थींच्या यादीत तीन नवी नावं, आणि चौथं व्यंकटेश माहूरकर.

टायपिंगची चूक. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, चूक नाही, वरिष्ठांसाठी उजळणी आता सक्तीची केली आहे, सुरुवात तुमच्यापासून. म्हणजे पहिला मान आमच्या केंद्राला. सुनयनाला तसंच सांगितलं. ती म्हणाली, हे पत्र पण लॅमिनेट करायचंय का? बँकेतल्या माणसांचा विनोद असाच असतो.

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ५.००

पाचला उठलो. हजेरी नऊपासून आहे. कोट इस्त्री केला.

संध्याकाळी

पहिल्या बाकावर बसलो, नव्या मुलांपुढे आदर्श असावा म्हणून. तिघंही पंचविशीची. शेजारची देवश्री नागपूरकडची आहे, तिने विचारलं, काका, तुमचं पीएच.डी.चं कितवं वर्ष? मी म्हणालो, झालंय. अर्पिताने हजेरी घेतली. मला ‘सर’च म्हणाली, पण क्रमाने चौथं.

चंपतराव फळ्यापाशी उभे राहिले. स्लाइड नाहीत, काही नाही. हातात झाकण लावलेली एक रिकामी प्लेट. विचारलं, “हे उघडाच्या आधी पयलं काय करता?”

मी हात वर केला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि देवश्रीला विचारलं. तिने बरोबर सांगितलं : मास्क, मग पंखा.

माझं उत्तर वेगळं होतं. तिचं लिहून घेतलं.